उष्णतेची उंची

लोणावळ्याहून वलवणच्या धरणावर गेलें म्हणजे समोर नुसतें शांत पाणी दिसतें. परंतु तेंच पाणी नळांतून सुमारें 500 मीटर खालीं खोपोलीस उतरतें आणि तेथील चक्रें फिरवून वीज देतें. हा उद्योग 1915 पासून चालू आहे. शेजारच्याच बोरघाटांतून मोटारी व ट्रक तेल जाळीत वर चढतात. ह्या दोन देखाव्यांचें नातें जवळचें आहे. सादी कार्नो ह्या फ्रेंच इंजिनियरानें तें 1824 मध्यें ओळखलें. पाणी जसें उंचावरून पडतांना काम करितें, तशी उष्णता तप्त वस्तूकडून थंड वस्तूकडे जातांना काम करिते, असें त्यानें दाखविलें. उष्णता हा द्रव नव्हे हें पुढें सिद्ध झालें. तथापि उपमा उपयोगाची राहिली.

बोरघाटांतून 1863 मध्यें आगगाडी चालू झाली, तेव्हां विस्तव एंजिनाच्या सिलिंडरबाहेर, बंबाखालीं होता. विस्तव सिलिंडरच्या आंत आणण्याचा यत्न लेनवार ह्यानें 1860 मध्यें केला. पण इंधनवायु आधीं न दाबतांच पेटविल्यामुळें इंधनाची फार नासाडी होई. मिश्रण प्रथम दाबावें, हें तत्त्व बो द रोशा ह्यानें 1862 मध्यें मांडलें आणि निकोलस ओटो ह्यानें 1876 मध्यें तें एंजिनांत उतरविलें. त्यांत दट्ट्या माथ्याशीं आला असतां ठिणगी पडते. दट्ट्या क्षणभर जवळजवळ स्थिर असतो; म्हणून उष्णता स्थिर आकारमानांत मिळते व दाब एकदम चढतो.

रूडॉल्फ डीझेल ह्यानें 1892 मध्यें पेटंट मागितलें, तेव्हां तपमान न वाढवितां उष्णता द्यावी असा त्याचा विचार होता. तो व्यवहारांत साधेना. शेवटीं दट्ट्या खालीं उतरत असतांना तेल हळूहळू सोडावें व दाब स्थिर ठेवावा, ह्यावर त्यानें समाधान मानिलें. ऑग्सबर्ग येथें 1897 सालीं झालेल्या परीक्षेंत त्याच्या एंजिनानें इंधनांतील सुमारें 26 टक्के उष्णतेचें काम करून दाखविलें. तत्कालीन वाफेच्या एंजिनांहून हें प्रमाण पुष्कळच अधिक होतें.

आतां एक कबुली. मी वर्गांत वर्षानुवर्षें सांगत असें कीं, डीझेल एंजिन काटकसरीचें, कारण त्यांत उष्णता स्थिर दाबानें मिळते. हें चूक होतें. वलवणचें कांहीं पाणी धरणांतून न सोडतां घाटाच्या मध्यावर नळांत सोडलें, तर तेवढ्या पाण्याकडून निम्मेंच काम होईल. तसेंच, दट्ट्या उतरूं लागल्यावर दिलेल्या उष्णतेस प्रसरणाला कमी वाव उरतो. म्हणून दाबण्याचें प्रमाण सारखें असेल तर ओटोचीच पद्धति सरस ठरते.

मग डीझेल जिंकतें कशानें? पेट्रोलचें मिश्रण दहाबारा पटींहून फार दाबलें तर तें आपोआप पेटून एंजिनास ठोके बसतात. डीझेल एंजिनांत नुसती हवा दाबावयाची असते; ती पंधरावीस पट दाबतां येते. ती 500 अंशांहून अधिक तापते आणि आंत शिरलेलें तेल ठिणगीवांचून पेटतें. म्हणजे तेथें तळेंच अधिक उंचावर असतें. आजच्या जलद डीझेल एंजिनांत तर कांहीं उष्णता प्रथम जवळजवळ स्थिर आकारमानांत व उरलेली पुढें मिळते.

हा भेद पुस्तकी नाहीं. किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी 1946 मध्यें पुण्यास निघाली, आणि पुढें तेलाचें एंजिन महाराष्ट्रांतील विहिरींवर परिचयाचें झालें. त्यांत तेल सुटण्याची वेळ चुकून उशिरां झाली, तर एंजिन चालतें, परंतु उष्णता धुराड्यावाटे निघून जाते. शक्ति घटते, धूर वाढतो आणि तेवढ्याच पाण्यास तेल अधिक लागतें. शेतकरी तेलाला दोष देतो. दोष वेळेचा असतो.

माझे कित्येक विद्यार्थी आज मावळांत शेती करितात. त्यांना मीं उष्णता किती द्यावी हें शिकविलें. ती केव्हां द्यावी हें शिकवावयाचें राहून गेलें. तें ऋण आज फेडीत आहें.