मेंढरांचे पंचांग

भीमाकाठचे वढू बुद्रुक आपण संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ओळखतो. हे गाव ज्या शिरूर तालुक्यात आहे, तो पर्जन्यछायेचा मुलूख. सह्याद्रीच्या माथ्यावर काही हजार मिलिमीटर कोसळणारा पाऊस शिरूर-दौंडकडे येईतो ५०० मिलिमीटरच्या आसपास उरतो.

या फरकावरच मेंढपाळ धनगरांनी आपले वर्ष बेतले. दख्खनी मेंढीला कोरडी हवा मानवते. सततच्या ओलीत तिचे खूर सडतात. म्हणून पावसाळा पठारावरच्या माळांवर काढायचा. दिवाळीनंतर माळ सुकले की बिऱ्हाड घोड्यावर लादून घाट उतरायचा आणि कोकणात भाताची कापणी झालेल्या खाचरांत मेंढरे बसवायची. शेतकऱ्याला लेंडीखत मिळे, धनगराला धान्य. मृगाच्या आधी परत माघारी. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या कथांतही ही भटकंती दिसते. जर्मन अभ्यासक गुंथर सोनथायमर यांनी तिचा मागोवा घेतला.

ही घडी एकाएकी विस्कटलेली नाही. १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलांतली चराई आवळली. पुढे कालवे आले, माळांच्या जागी ऊस उभा राहिला, रासायनिक खतामुळे लेंडीखताची गरज घटली. तरी ऋतूंचा भरवसा होता. आता तोही डळमळतो आहे.

२०२१च्या डिसेंबरचे पहिले दोन दिवस आठवा. ऐन थंडीत पाऊस आणि बोचरे वारे आले. वाघरीच्या जाळ्यात, उघड्या रानात बसलेली मेंढरे रात्रभर भिजली. भिजलेली लोकर ऊब धरत नाही. शरीराची उष्णता झपाट्याने जाते. पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. एका घटनेवरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही. पण अरबी समुद्र तापतो आहे, आणि हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे आपण जाणतो.

असेच संकट उत्तर ध्रुवाजवळही येते. सैबेरियातल्या यामल द्वीपकल्पावर नेनेत्स लोक रेनडियरचे कळप घेऊन फिरतात. रेनडियर खुरांनी भुसभुशीत बर्फ उकरून खालचे दगडफूल खातात. नोव्हेंबर २०१३मध्ये तिथे बर्फावर पाऊस पडला आणि तो गोठून कठीण थर झाला. चारा पायाखाली असूनही सुमारे ६१ हजार रेनडियर उपासमारीने मेले.

दोन्हीकडे पाऊस कमी पडला नव्हता. तो अवेळी पडला होता. धनगराचे आणि नेनेत्सांचे खरे भांडवल जनावरे नव्हेत, तर कधी निघायचे आणि कुठे थांबायचे हे पिढ्यांनी जमवलेले ज्ञान. ऋतू चुकू लागले की ते ज्ञानच निरुपयोगी ठरू लागते.

तुमच्या शाळेजवळ मेंढपाळांचा वाडा उतरला, तर मुलांना जरूर तिथे न्या. वाटेतले मुक्काम आणि निघण्याचे महिने विचारून नकाशावर मांडा. शेजारी पावसाच्या नोंदी लिहा. भूगोल आणि इतिहास एकाच कागदावर येतील.