नैसर्गिक बहुवारिकांद्वारे जड धातूंचे निष्कासन

पाण्यात विरघळलेले शिसे, कॅडमियम यांसारखे विषारी धातू वनस्पतिजन्य वा प्राणिजन्य बहुवारिकांच्या (पॉलिमरांच्या) पृष्ठभागावर धरून वेगळे करण्याच्या पद्धतीस हे नाव आहे. नितळ पाणीही या धातूंनी दूषित असू शकते. उकळल्याने ते जात नाहीत. उलट वाफ उडून गेल्यावर त्यांचे प्रमाण किंचित वाढते. भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे ०.०१ व कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे.

कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतील कायटिनवर तीव्र अल्कलीची प्रक्रिया केली असता कायटोसॅन मिळते. त्यातील अमिनो गट धातूंचे आयन पकडतात. मात्र कायटोसॅन सौम्य आम्लात विरघळते. म्हणून त्याच्या रेणुसाखळ्या रासायनिक बंधांनी एकमेकींशी जोडून मणी बनवतात.

कवचे मिळतात ती किनारपट्टीवर. परभणीसारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात सेल्युलोजचा सहज उपलब्ध स्रोत म्हणजे एरवी चुलीत जाणाऱ्या पऱ्हाट्या. त्यांच्या भुकटीवर सायट्रिक आम्लाची प्रक्रिया केल्यास कार्बॉक्सिल गट वाढतात आणि धातू धरण्याची क्षमताही वाढते.

वापरलेली भुकटी अथवा मणी हा स्वतःच विषारी कचरा असतो. उकिरड्यावर टाकल्यास त्यातील धातू पुन्हा जमिनीत झिरपू शकतात. त्यामुळे आम्लाने धुऊन ते वेगळे काढावे लागतात.