‘श्रीमंतांचा रोग’ : गाऊटच्या आकलनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
गाऊट हा सांध्यांचा विकार बहुधा पायाच्या अंगठ्यापासून सुरू होतो. अचानक, पुष्कळदा रात्री, उठणारी असह्य कळ, लाली व सूज ही त्याची प्रमुख लक्षणे होत. त्याचे रासायनिक कारण एकोणिसाव्या शतकात उलगडले. तथापि हा चैनीचा व अतिआहाराचा रोग होय, ही त्याहून जुनी धारणा अद्याप टिकून आहे. ती कशी घडली आणि रुग्णांवर तिचा काय परिणाम होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धारणेचा उगम :
चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २९ व्या अध्यायात ‘वातरक्त’ या व्याधीचे विवेचन आहे. तिच्या पर्यायी नावांत ‘आढ्यवात’ हे एक नाव असून ‘आढ्य’ म्हणजे धनवान. वातरक्त व आजचा गाऊट तंतोतंत एकच आहेत असे म्हणता येत नाही. मात्र संपन्नतेशी जोडलेला संबंध लक्षणीय आहे. युरोपातही हीच धारणा आढळते. स्वतः गाऊटने पीडित असलेला इंग्रज वैद्य टॉमस सिडनहॅम याने १६८३ साली या रोगावर ग्रंथ लिहिला. हा रोग गरिबांपेक्षा श्रीमंतांना अधिक गाठतो, असे त्याने नमूद केले. अशा रीतीने गाऊट एकीकडे प्रतिष्ठेचे चिन्ह, तर दुसरीकडे भोगासक्तीचे फळ मानला गेला.

कारणाचा शोध :
कार्ल शील या रसायनज्ञाने १७७६ साली मूतखड्यातून युरिक आम्ल वेगळे केले. १७९७ साली विल्यम वुलस्टन याने गाऊटच्या गाठींत त्याच आम्लाचा क्षार असल्याचे दाखविले. १८४८ साली लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड याने गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक आम्ल वाढलेले असते, हे दाखवून दिले. त्याचे आणखी एक निरीक्षण सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. रुग्णालयातील त्याच्या गाऊटग्रस्तांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला शिशाची बाधा झालेली होती. त्यांत नळकाम व रंगकाम करणारे कारागीर होते. शिशामुळे मूत्रपिंडांची युरिक आम्ल बाहेर टाकण्याची क्षमता घटते, हे आज ज्ञात आहे. म्हणजे हा रोग कष्टकऱ्यांतही होता. लोकमानसातील रुग्ण मात्र खुशालचेंडू उमरावच राहिला.

उपचारांची वाटचाल :
कॉल्चिकम वर्गातील औषधी वनस्पतींचा वापर प्राचीन असून त्यांतील कॉल्चिसिन हे द्रव्य १८२० साली वेगळे करण्यात आले. ते दाह शमविते. युरिक आम्ल घटवीत नाही. ते कार्य करणाऱ्या ॲलोप्युरिनॉलला १९६६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यामागील संशोधक गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज हे १९८८ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले. निदान झालेल्या रुग्णाच्या रक्तातील युरिक आम्ल प्रति डेसिलिटर ६ मिलिग्रॅमखाली ठेवणे, हे २०२० च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांतील उद्दिष्ट आहे.

आहार आणि दोषारोप :
२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, युरोपीय वंशाच्या लोकांच्या एकत्रित अभ्यासात युरिक आम्लाच्या पातळीतील व्यक्तिव्यक्तींमधील फरकांपैकी सुमारे २४ टक्के आनुवंशिकतेने स्पष्ट झाले. आहारपद्धतींचा वाटा ०.३ टक्क्यांपलीकडे गेला नाही. याचा अर्थ पथ्य निरर्थक आहे असा नव्हे. मद्य, मांस व सागरी अन्न यांवर मर्यादा हितकारकच होय. परंतु आपल्याकडे सर्वप्रथम डाळी बंद केल्या जातात. २००४ च्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत तर प्युरीनयुक्त भाज्या व कडधान्यांमुळे गाऊटचा धोका वाढलेला आढळला नाही.

निष्कर्ष :
रोगास स्वभावदोष मानले की रुग्ण संकोचतो, केवळ पथ्यावर विसंबतो आणि कळ ओसरताच औषध सोडतो. क्षार मात्र सांध्यांत साचत राहतात व कालांतराने सांधे निकामी होऊ शकतात. गॅरॉडच्या काळीच खोटी ठरलेली धारणा आजही रुग्णाला उपचारांपासून दूर ठेवते. म्हणून गाऊटच्या व्यवस्थापनात युरिक आम्लाच्या नियमित तपासणीइतकेच या धारणेचे निराकरणही आवश्यक आहे.