मुक्काम शेगाव : श्री गजानन महाराज संस्थानाची वाटचाल

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, पण खारे पाणी आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. वर काळी कसदार जमीन, कपाशी आणि तूर. खाली बोअर मारली तर तोंडात न धरवणारे पाणी. शेगाव तालुक्यातली कित्येक गावे याच पट्ट्यात येतात. उन्हाळ्यात ऊन असे की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. बाहेरच्या माणसाने हौसेने येऊन चार दिवस राहावे, असे निसर्गाने इथे काही ठेवलेले नाही. तरीही शेगावला माणसे बारा महिने येतात, मुक्काम करतात आणि पुन्हा येतात. हे कसे झाले, याचे उत्तर एका संस्थानाच्या शंभराहून अधिक वर्षांच्या कारभारात आहे.

कापसाचे स्टेशन

भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ साली पूर्ण झाला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराशी जोडला गेला. खामगाव ही मोठी बाजारपेठ होती, पण मुख्य मार्गावरचे स्टेशन शेगावला मिळाले. त्यामागोमाग सरकी काढणारे जिन आणि गठाणी बांधणारे प्रेस आले, व्यापारी घराणी स्थिरावली. गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध होता तो मालापुरता.

२३ फेब्रुवारी १८७८ रोजी देविदास पातुरकर यांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाणारा एक तरुण बंकटलाल अग्रवाल यांना दिसला. हाच गजानन महाराजांचा प्रकटदिन. महाराज कुठून आले हे कोणाला कळले नाही. पुढची बत्तीस वर्षे मात्र शेगाव त्यांचे आणि ते शेगावचे झाले. दर्शनाला येणारी मंडळी त्याच रेल्वेने उतरू लागली, आणि कापसाचे स्टेशन माणसांचेही झाले.

१९०८ साली अकोल्यात शिवजयंतीचा उत्सव झाला. लोकमान्य टिळक वक्ते होते आणि महाराज व्यासपीठावर होते. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला शेगावात महाराजांच्या उपस्थितीत बारा विश्वस्तांचे मंडळ स्थापन झाले. एखाद्या सत्पुरुषाच्या मागे बहुधा आधी समाधी उभी राहते, मग वहिवाटीचे वाद आणि शेवटी घटना. इथे घटना आधी झाली आणि समाधी नंतर. ८ सप्टेंबर १९१०, ऋषिपंचमीला महाराजांनी देह ठेवला, तेव्हा मंदिराचा कारभार कोणी पाहायचा हा प्रश्न उरलेला नव्हता. भुयारात समाधी आणि वर राममंदिर, ही रचनाही तेव्हापासूनची.

शेगावचे नाव वऱ्हाडाबाहेर घरोघर नेले ते संतकवी दासगणूंनी. शके १८६१ मध्ये, म्हणजे १९३९ साली, त्यांनी ‘श्रीगजानन विजय’ हा २१ अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ पूर्ण केला. पोथी एका बैठकीत वाचून होते. पुण्या-मुंबईच्या चाळींतून तिची पारायणे होऊ लागली. ज्याने पारायण केले, त्याला शेगावला एकदा तरी जाऊन यावेसे वाटणारच. जाहिरातीवर पैसा न खर्चता यात्रेकरू वाढले ते असे.

पैसा कुठे घातला

यात्रेकरू वाढले की देवस्थानाकडे पैसा येतो, आणि पैसा आला की संस्थानाची कसोटी लागते. शेगावने तो कशात घातला, हे पाहण्यासारखे आहे. शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक दशके हा कारभार पाहिला. भाऊंच्या कारभाराचे सूत्र साधे होते: आलेल्या माणसाला झोपायला स्वच्छ गादी, आंघोळीला पाणी, पोटभर जेवण आणि कोणाचीही मिनतवारी न करता दर्शन मिळाले पाहिजे. मंदिर परिसरातील भक्तनिवास, विसावा आणि आनंदविहार ही संकुले याच विचारातून उभी राहिली. खोल्यांचे दर साध्या माणसाला परवडतील असे ठेवले गेले. स्टेशनावर उतरणाऱ्यांसाठी संस्थानाच्या मोफत बस आल्या. महाप्रसाद सर्वांना विनामूल्य. उष्ट्या पत्रावळीवरचे शीतही वाया जाऊ न देणाऱ्या संताच्या नावाने चालणारी पंगत स्वच्छ आणि नेमकी असावी, हा आग्रह इथे कटाक्षाने पाळला जातो.

हे सगळे पगारी माणसांच्या बळावर परवडले नसते. त्यासाठी सेवाधारींची पद्धत बसवली गेली. शेतकरी, शिक्षक, कारखान्यातले कामगार ठरलेल्या दिवशी पाळीने येतात, पांढऱ्या वेषात झाडू मारण्यापासून रांग सांभाळण्यापर्यंत पडेल ते काम करतात आणि मोबदला घेत नाहीत. समोरचा कोणीही असो, त्याला ‘माउली’ म्हणतात. घरी कधी झाडू न धरणारा माणूस इथे जिना पुसताना दिसतो, आणि ही सेवा मिळावी म्हणून लोक प्रतीक्षा यादीत नाव घालून थांबतात.

दुसरी गुंतवणूक मंदिराबाहेरची. १९८३ साली संस्थानाने अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. पुण्या-नागपूरला पाठवण्याची ऐपत नसलेल्या वऱ्हाडी घरांतली मुले इथेच इंजिनिअर होऊ लागली. मतिमंद मुलांसाठी विद्यालय, सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांवर जाणारा फिरता दवाखाना, आणि गावोगावच्या भजनी मंडळांना वीणा, मृदंग, टाळ नि ग्रंथ. तालुक्याच्या गावी मृदंगाची थाप ऐकू आली, तर तो मृदंग शेगावचा असण्याची शक्यता बरीच.

नदीकाठच्या शाखा

संस्थानाने बाहेर पाय टाकला तो नदीकाठांवर: चंद्रभागेकाठी पंढरपूर, इंद्रायणीकाठी आळंदी, गोदावरीच्या उगमाशी त्र्यंबकेश्वर, नर्मदेवर ओंकारेश्वर. तीर्थक्षेत्री गेलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाची पहिली चौकशी आता ‘तिथे गजानन महाराजांचे भक्तनिवास आहे का?’ अशी असते. घाटावर लुबाडले जाण्याच्या भीतीने जी म्हातारी माणसे घराबाहेर पडत नसत, ती या खोल्यांच्या भरवशावर निघू लागली.

पायी चालणाऱ्यांची सोयही तशीच शिस्तीची. आषाढी एकादशीसाठी शेगावहून निघणारी महाराजांची पालखी अकोला, परभणी, परळी, अंबाजोगाई, सोलापूर करीत महिनाभर चालून पंढरपूरला पोहोचते. वऱ्हाडापासून चंद्रभागेपर्यंतच्या या वाटेवर मुक्कामाच्या गावांनी अन्नदानाचे मान वाटून घेतले आहेत, आणि कित्येक घरांत ते पिढीजात झाले आहेत.

आनंद सागर आणि पाण्याची मर्यादा

या शतकाच्या सुरुवातीला संस्थानाने दोनशेहून अधिक एकरांच्या माळरानावर ‘आनंद सागर’ उभारले. मोठा तलाव, मधोमध बेटावर कन्याकुमारीच्या धर्तीचे विवेकानंद ध्यानकेंद्र, झाडी, मुलांसाठी छोटी रेल्वे. विदर्भातल्या शाळांच्या सहली इकडे वळल्या. समुद्र न पाहिलेल्या पोरांनी इथला ‘सागर’ पाहिला. पुढे मात्र पाण्याची टंचाई जाणवू लागली, काही वर्षे हे उद्यान पर्यटकांसाठी बंद राहिले, आणि नंतर उघडले ते आध्यात्मिक केंद्राच्या रूपाने. मंदिर आणि पर्यटन यांतले अंतर किती ठेवायचे, याचा निकाल संस्थानाने मंदिराच्या बाजूने लावला.

गावाचे काय?

२०११च्या जनगणनेत शेगावची लोकसंख्या साठ हजारांच्या आसपास होती. यात्रेच्या दिवशी त्याहून जास्त माणसे बाहेरून येतात. लॉज, रिक्षा, प्रसाद-फुलांची दुकाने, आणि फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी स्टेशनावर रुजवलेली कचोरी, यांवर शेकडो चुली पेटतात. या भरभराटीची झळही आहे. दर्शनमार्ग मोकळा करण्यासाठी राज्य सरकारच्या विकास आराखड्यात मंदिरालगतची जुनी वस्ती हलवावी लागली. पुनर्वसनाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. जागांचे भाव चढले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे मंदिराचे दार बंद झाले, तेव्हा गावाचा कणा किती एका दारावर टेकला आहे, हे रिक्षावाल्यापासून हारवाल्यापर्यंत सर्वांना कळले. त्या काळात संस्थानाने रुग्णांच्या विलगीकरणासाठी जागा दिली आणि परप्रांतीय मजुरांसाठी अन्न शिजवले.

४ ऑगस्ट २०२१ रोजी शिवशंकरभाऊ गेले. मंदिराचा चहासुद्धा न घेणारा विश्वस्त, अशी त्यांची ख्याती होती. व्यक्ती जाते तेव्हा शिस्त टिकते का, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. पंगत वेळेवर बसते आहे, सेवाधारी येत आहेत, रांग सरकते आहे, एवढे तर दिसते. संस्थानाचे यापुढचे काम मात्र मंदिराच्या आवाराबाहेरचे आहे. ज्या शहाणपणाने पाहुण्याच्या गादीचा आणि ताटाचा विचार झाला, त्याच शहाणपणाने खारपाणपट्ट्यातल्या यजमान गावाच्या पाण्याचा, घराच्या भावाचा आणि हाताला मिळणाऱ्या कामाचा विचार नगरपालिका, सरकार आणि संस्थान यांनी मिळून केला पाहिजे. पाहुणा दोन दिवसांत परततो. यजमानाला इथेच राहायचे असते.