जुनी अमेरिकन मोटार घरच्या घरी : जीर्णोद्धार आणि फेरबदल

नागपूरच्या मिहान प्रकल्पात बोइंग कंपनीने उभारलेल्या केंद्रात २०१५ पासून मोठ्या प्रवासी विमानांची देखभाल-दुरुस्ती होत आली आहे. विमानाचा कोणताही भाग काढला की त्याला चिठ्ठी लागते, त्याची नोंद होते आणि त्या जागी काय बसविले हेही कागदावर येते. मिहानलगत वर्धा रस्त्याच्या कडेने अंगण आणि गाडीघर असलेल्या घरांची वस्ती वाढली आहे. अशा एखाद्या घरात सत्तर वर्षांपूर्वीची अमेरिकन मोटार दुरुस्त करावयास घेणाऱ्याने हीच शिस्त पाळणे हिताचे ठरते. कारण उत्साहाच्या भरात केलेला एखादा कायमचा बदल मोटारीचा इतिहास पुसून टाकतो आणि २०२१ मध्ये झालेल्या नियमांनुसार तिचा ‘व्हिंटेज’ हा दर्जाही हिरावून घेऊ शकतो.

महाराष्ट्रातील अमेरिकन मोटारी

आज महाराष्ट्रात आढळणाऱ्या जुन्या अमेरिकन मोटारींपैकी अनेक मुंबईतच जोडल्या गेल्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जोडणीचा कारखाना सुरू केला. फोर्डचेही मुंबईत काम होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ व डिसोटो या मोटारी तयार होऊ लागल्या. पुढे सुटे भाग देशातच बनविण्याचे धोरण आले आणि १९५३-५४ च्या सुमारास जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील काम आवरते घेतले. प्रीमियरही हळूहळू फियाटकडे वळली.

जीपची वाट वेगळी. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ या काळात विलिस व फोर्ड यांनी लष्करासाठी जीप बनविल्या. युद्धानंतर महिंद्रा कंपनीने मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली आणि कालांतराने ती संपूर्णपणे येथेच बनू लागली. शेती, वनखाते, लष्कर व सरकारी कचेऱ्या यांमुळे विदर्भात जीप घरोघरी ओळखीची झाली. घरच्या घरी दुरुस्तीला घेण्यास आजही तीच सर्वांत सोयीची मानावी लागेल. तिचा पत्रा सपाट, रचना उघडी आणि सुटे भाग तुलनेने सहज मिळणारे आहेत.

आधी कागद, मग पाना

मोटार विकत घेण्यापूर्वी नोंदणी पुस्तक पाहावे आणि त्यातील चॅसी व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष मोटारीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. परिवहन कार्यालयात या क्रमांकांची पेन्सिलने छाप घेतली जाते. त्यामुळे गंज घासताना किंवा वाळूचा फवारा मारताना क्रमांकाची जागा झाकून ठेवावी. एकदा पुसट झालेला क्रमांक सिद्ध करणे फार कठीण जाते आणि तो पुन्हा कोरण्याचा प्रयत्न तर गुन्ह्याच्या संशयालाच निमंत्रण देतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने १५ जुलै २०२१ रोजी व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. प्रथम नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात जतन केलेली दुचाकी व चारचाकी वाहने या व्याख्येत बसतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि फेरनोंदणीचे शुल्क ५ हजार रुपये ठरविण्यात आले. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पूर्वी नोंदलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. अशी मोटार प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या अथवा व्यावसायिक वापरास तिला मनाई आहे. यातील सर्वांत महत्त्वाची अट अशी की, चॅसी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेले वाहन व्हिंटेज मानले जात नाही.

उकल आणि नोंद

पहिला आठवडा केवळ छायाचित्रे काढण्यात घालवावा. तारांची वळणे, नळ्यांचे मार्ग, दारांच्या फटी, वॉशरांची संख्या असे सर्व टिपून ठेवावे. सुटे भाग पिशव्यांत भरून प्रत्येकीवर क्रमांक लिहावा. निरुपयोगी वाटणारा भागही नवा बसेपर्यंत टाकू नये, कारण नमुना म्हणून तोच लेथवर न्यावा लागतो. सर्व मोटार एकदम सुटी करण्यापेक्षा एकेक भाग घेऊन तो पुरा करावा. अर्धवट सोडलेल्या बहुतेक मोटारी एकाच वेळी सगळे उघडल्यामुळे अडगळीत गेलेल्या असतात.

जॅकवर उचललेल्या मोटारीखाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय कोणीही शिरू नये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते, तेव्हा ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. जुन्या रंगात शिसे असते, म्हणून तो पाणी वापरूनच घासावा आणि तोंडावर योग्य मास्क असावा. डॉज-प्लिमथच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसल्याने नट सोडविण्याच्या नादात ते अधिकच आवळले जातात आणि बोल्ट तुटतात.

पत्रा आणि गंज

गंज प्रथम दारांच्या तळाशी, पायाखालच्या पत्र्यात, मडगार्डच्या कडांत आणि डिकीत जादा चाकाच्या खळग्यात धरतो. गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरून रंग मारणे हा स्वस्त उपाय खरा, पण पहिल्या पावसाळ्यानंतर तेथे फुगवटे दिसू लागतात. सडलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्डिंगने जोडणे हाच टिकाऊ मार्ग होय. सांगाडा चॅसीवरून उचलण्यापूर्वी दारांच्या चौकटींना आतून आधार द्यावा, अन्यथा चौकट वाकते व दारे पुन्हा नीट बसत नाहीत. विदर्भातील पावसाळ्यात उघडा पत्रा एका रात्रीत गंज धरतो. त्यामुळे जेवढा भाग घासला तेवढ्याला त्याच दिवशी प्राइमर लावावा.

इंजिन आणि नागपूरचा उन्हाळा

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या मोटारीला ढकलून किंवा नवी बॅटरी लावून सुरू करण्याची घाई करू नये. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग हँडलने हळूहळू फिरवून पाहावे. अडकलेले पिस्टन जोर लावून सोडविताना तुटलेली रिंग सिलिंडर कायमचे खरवडते.

मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता. अशा हवेत जुन्या इंजिनाची परीक्षा शीतनात होते. प्लिमथ, डॉज व डिसोटो यांच्या सहा सिलिंडरी साइड-व्हॉल्व्ह इंजिनात पाण्याच्या पंपामागे, ठोकळ्याच्या आत पाणी वाटून देणारी पत्र्याची लांब नळी असते. ती सडली की मागच्या सिलिंडरांना पुरेसे पाणी पोहोचत नाही. रेडिएटर नवा, पंप नवा, तरीही इंजिन तापते याचे कारण अनेकदा तेथेच सापडते. रेडिएटर व पंप काढल्यावर ती नळी पुढून ओढून बदलता येते.

दुसरी अडचण इंधनाची. देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून विक्रीस येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र रूढ झाले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. मोटार महिनोन्महिने उभी राहिल्यास पाणी टाकीच्या तळाशी साचून गंज धरतो. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही त्याने मऊ होतो. टाकीतील बुचाच्या तरंगावर लाखेचा लेप असेल तर तो मद्यार्कात विरघळतो. त्यामुळे इथेनॉलला दाद न देणाऱ्या नळ्या बसविणे, पंपाचा पडदा बदलणे आणि मोटार दीर्घकाळ उभी राहणार असल्यास टाकी रिकामी करणे ही कामे टाळू नयेत. उन्हात पेट्रोल नळीतच उकळून मोटार बंद पडू नये म्हणून इंधनाची नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी.

ब्रेक आणि वीज

त्या काळच्या मोटारींत चारही चाकांच्या ब्रेकसाठी एकच तेलवाहिनी असे. एका चाकाजवळ गळती झाली की चारही ब्रेक निकामी होतात. म्हणून सर्व नळ्या, रबरी वॉशर व सिलिंडर नव्याने करूनच मोटार प्रथम हलवावी. इंजिन सुरू होण्याचा आनंद ब्रेकच्या आधी साजरा करू नये.

क्रायस्लरच्या मोटारींत १९५५ पर्यंत सहा व्होल्टची, धन टोक चॅसीला जोडलेली वीजव्यवस्था होती. सवयीने बॅटरी उलटी जोडल्यास घोटाळा होतो. सहा व्होल्टला प्रवाह दुप्पट लागतो, त्यामुळे बॅटरीच्या तारा जाड हव्यात. मोटारसायकलसारख्या बारीक तारा वापरून ‘सेल्फ’ ओढत नाही अशी तक्रार करणे व्यर्थ आहे. कापडी वेष्टणाच्या भेगाळलेल्या तारा पूर्ण बदलाव्यात.

फेरबदल : मर्यादा कोठे?

बदल तीन प्रकारांत विभागून पाहता येतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, दिशादर्शक दिवे किंवा बारा व्होल्टची वीज हे बदल सहज परत फिरविता येतात. मूळ भाग जपून ठेवले की इतिहासाची हानी होत नाही. सीटबेल्टसाठी तळाच्या पत्र्याला छिद्रे पाडावी लागतात, पण जिवाच्या सुरक्षेपुढे तेवढे मान्य करावे. मात्र पट्ट्यांच्या बोल्टखाली जाड पोलादी पट्टी घालावी. नुसत्या पत्र्यात बसविलेला पट्टा अपघातात उपटून निघतो. दुहेरी वाहिनीचे ब्रेक बसविणे हा सुरक्षेचा विचार खरा, तरी तो करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाला विचारून घ्यावे.

तिसरा प्रकार इंजिन, चॅसी व सांगाडा यांतील बदलांचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका पक्की केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. उंच केलेल्या, रुंद चाकांच्या, परक्या इंजिनाच्या जीप रस्त्यावर दिसतात म्हणून त्या कायदेशीर ठरत नाहीत.

येथे एक पेच उभा राहतो. पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून कित्येक मोठ्या अमेरिकन मोटारींत व जुन्या जीपमध्ये पूर्वीच्या मालकांनी डिझेल इंजिने बसविली. पुढच्या काळातील काही महिंद्रा जीपमध्ये मात्र डिझेल इंजिन कारखान्यातूनच आले होते. त्या जीपचे तेच मूळ रूप होय. तेव्हा ‘मूळ’ काय हे ठरविताना ऐकीव माहितीवर न जाता नोंदणी पुस्तक, निर्मात्याचे माहितीपत्रक आणि मोटारीवरील पट्ट्या यांचाच आधार घ्यावा. पूर्वीचा बदल नोंदणीत चढविलेला असल्यास त्याचा कागद जपावा.

मोटार विकताना अथवा पुढच्या पिढीकडे देताना तिच्याबरोबर कामाची वही, छायाचित्रे, पावत्या आणि काढून ठेवलेले मूळ भागही द्यावेत. पुढच्या मालकाला प्रत्येक बदल कोणी, केव्हा व का केला हे समजले, तर तो हवा तो बदल परत फिरवू शकतो आणि मोटार पुन्हा कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली त्या रूपात येऊ शकते.