पाण्यासोबत काय जिरलं?

मंडळी, पारनेरचा इतिहास सांगताना आपण पाण्याबद्दल एकच प्रश्न विचारतो : किती? पाऊस किती, टँकर किती. पाणी कसं, हे आम्ही शिकलेल्या माणसांनीही क्वचितच विचारलं.

१९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. पुढे १९७५ नंतर राळेगणसिद्धीला अण्णा हजारे यांनी गाव सोबत घेऊन पाणी अडवलं, जिरवलं. विहिरी भरल्या, कांदा पिकू लागला. काम थोर, त्यात वाद नाही. पण जमिनीत नुसतं पाणी जिरत नाही, बघा. पिकाला टाकलेला युरिया, गोठ्यातलं मूत्र, संडासाचा शोषखड्डा, या सगळ्यांतला नायट्रोजन मातीतले जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात. माती त्याला धरून ठेवत नाही. आपला काळा पाषाण भेगांचा. त्या भेगांतून ते थेट विहिरीत उतरतं.

जुन्या पिढीला भीती होती ती नारूची. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, पाणी फडक्यातून गाळलं, आणि १९९६ नंतर देशात नारूचा रुग्ण उरला नाही. पटकीसाठी पाणी उकळायला शिकलो. नायट्रेटपुढे मात्र हे सारं शहाणपण थिटं पडतं. गाळून ते जात नाही, टीसीएल पावडरीने जात नाही. आणि उकळलं तर पाणी आटतं नि त्याचं प्रमाण उलट वाढतं! रंग नाही, वास नाही. आमच्या न्यायशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर इथे प्रत्यक्ष हे प्रमाण लंगडं पडतं.

हे जगाला कळलं तेही बाळांमुळे. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी निळी पडलेली तान्ही मुलं आणि शेतावरच्या विहिरींचं पाणी यांचा संबंध दाखवला. त्या पाण्यात दूध-पावडर कालवली जायची. नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं, आणि मग रक्त प्राणवायू पोचवू शकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला धोका सर्वांत जास्त. बाळाला अंगावरच पाजा, वरचं पाणी देऊ नका, असं डॉक्टर सांगतात, त्याला हेही एक कारण आहे बरं का.

आपल्याकडे लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातले एक तृतीयांशाहून अधिक नमुने तिच्यावर गेले. त्यात वर्धा, बुलढाणा, अमरावती, बीड ही नावं ठळक आहेत. म्हणून आपण सुटलो, असं समजायचं का? आमचं मत, नाही. खडक तोच, युरिया तोच.

जलजीवन मिशनमध्ये दर गावी पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं ठरलं आहे. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, औषध टाकायचं, चढलेला रंग तक्त्याशी ताडायचा. तुमच्या गावात ती पेटी कोणाच्या कपाटात आहे, आणि शेवटची कधी उघडली, एवढं ग्रामसभेत विचारा.