जमिनीवर उतरलेली पाखरे

प्रतापगड म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चटकन जावळीचे खोरे उभे राहते. आमचा प्रतापगड तो नव्हे. आमचा गड गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या झाडीत आहे. महाशिवरात्रीला तेथे महादेवाची मोठी यात्रा भरते आणि तेथल्याच दर्ग्याच्या उरुसालाही तितक्याच श्रद्धेने माणसे जातात. समुद्र इथून कोणत्याही दिशेला शेकडो मैल दूर. पाणी म्हणून आम्हांला ठाऊक ते नवेगावबांधचे, आणि परमुलखातून येणारी पाखरे म्हणजे हिवाळ्यात त्या पाण्यावर उतरणारी.

अशा मुलखातल्या माणसाने नौदलाच्या विमानांवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण जुन्या गडाच्या सावलीत वाढलेल्याला एक प्रश्न कधी सोडत नाही : गेलेल्या काळाची वस्तू जपायची म्हणजे नेमके काय करायचे? गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळो येथे १९९८ साली उघडलेले नौदलाचे विमान-संग्रहालय पाहिल्यापासून तो प्रश्न माझ्यापुढे नव्याने उभा आहे.

तेथे पहिल्या पिढीचे सीलँड आहे. हे पाण्यावरही उतरणारे आणि धावपट्टीवरही उतरणारे विमान. १९५३ साली कोचीनला नौदलाचा पहिला विमानतळ ‘गरुड’ या नावाने सुरू झाला, त्या काळचे ते आरंभीचे पाखरू. जवळच फायरफ्लाय आहे. तोफांच्या सरावासाठी आकाशात लक्ष्य ओढीत नेण्याचे बिनबोभाट काम या जातीच्या विमानांनी केले. एक भले मोठे सुपर कॉन्स्टेलेशनही आहे. ते आधी एअर इंडियात, मग वायुदलात आणि शेवटी नौदलात, अशा तीन नोकऱ्या करून निवृत्त झाले.

पण पाय रेंगाळतात ते सी हॉकपाशी. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ‘विक्रान्त’ ही विमानवाहू नौका आपल्या आरमारात दाखल झाली. त्याच वर्षी १८ मे रोजी ताहिलियानी या तरुण अधिकाऱ्याने तिच्यावर पहिले जेट विमान उतरवले. पुढे हेच ताहिलियानी नौदलप्रमुख झाले. नौकेची लांबी सुमारे सातशे फूट. त्यातला उतरण्याच्या कामी येणारा भाग त्याहून थोडा, आणि तोही लाटांवर हलता! विमानाच्या शेपटीकडचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकला तर विमान थांबायचे. न अडकला तर क्षणात पुन्हा उड्डाण घ्यायचे. १९७१ च्या युद्धात ‘विक्रान्त’च्या चार बाष्पपात्रांपैकी एकाला तडे गेलेले होते. तरीही ४ डिसेंबरला तिच्यावरून सी हॉक उडाले आणि कॉक्स बझारवर तुटून पडले. पाठोपाठ चितगावचीही पाळी आली. पाणबुड्यांचा माग काढणारी फ्रेंच बनावटीची आलिझे विमानेही त्या मोहिमेत होती.

त्या नौकेचे पुढे काय झाले? १९९७ साली ती निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ साली तेही बंद झाले आणि २०१४ साली ती मोडीत निघाली. २०२२ साली कोचीला नवी ‘विक्रान्त’ दाखल झाली. नाव राहिले, लोखंड गेले. म्हणून गोव्यातल्या त्या सी हॉककडे पाहताना वाटते, की आईचे घर पडले आणि लेक तेवढी अंगणात उभी राहिली.

आता कोणी म्हणेल, नुसती उभी कशाला ठेवता, उडवा की! इंग्लंडात तसे केले. तेथल्या नौदलाने १९७२ साली जुन्या विमानांचा एक ताफाच उभारला. स्वोर्डफिश, सी फ्युरी, सी हॉक अशी विमाने जत्रेत लोकांच्या डोक्यावरून उडवली. २०१९ नंतर ते काम एका धर्मादाय न्यासाकडे गेले. पण या हौसेची किंमतही भारी. १९८९ साली एक सी फ्युरी समुद्रात गेले. वैमानिक हवाई छत्रीने वाचला. २००३ साली डक्सफर्डच्या मेळाव्यात फायरफ्लाय कोसळले, आणि आतले दोघेही दगावले. त्याच जातीचे विमान गोव्यात मुकाट उभे आहे. कोणते अधिक जपले गेले?

उत्तर सोपे नाही. भाऊबीजेनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार चालते. दंडार काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. ती नाचूनच जपावी लागते. गडाचे तसे नाही. त्याचे दगड जागच्या जागी राहिले, तरी पुष्कळ राहिले. विमान हे निम्मे गड आहे आणि निम्मे दंडार. त्याची धातूची काया जपायची तर छप्पर हवे, रंग हवा. कोकणातला पाऊस आणि खारा वारा पंखांच्या सांध्यांत शिरून धातू खातो. त्याचे उडणे जपायचे तर माणसे हवीत : ते इंजिन कोणत्या सुरात चालते हे कानाने ओळखणारी, रबराची कोणती कडी कधी बदलावी हे हाताने जाणणारी. उडते विमान त्या माणसांची विद्या जिवंत ठेवते. आपल्या वायुदलाने हे ओळखले आहे. १९४७ च्या काश्मीर मोहिमेची आठवण देणारे, ‘परशुराम’ नावाचे डकोटा २०१८ पासून त्याच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात आहे.

माझे मत विचाराल तर, सी हॉकसारखे गतिमान जेट उडवण्याचा हट्ट नौदलाने धरू नये. असे विमान पुन्हा घडणार नाही, आणि त्यापायी वैमानिकाचा जीव पणाला लावणे तर मुळीच योग्य नाही. पण एखादे साधे, पंख्याचे विमान उडते ठेवावे. बाकीच्यांवर छप्पर घालावे. आणि ज्यांनी ही यंत्रे हाताळली त्या वृद्ध तंत्रज्ञांना बोलते करून त्यांचे शब्द टिपून ठेवावेत. हे शेवटचे काम सर्वांत स्वस्त आहे, आणि सर्वांत निकडीचेही; कारण विमान गंजायला वर्षे लागतात, माणूस जायला दिवस पुरतो.

दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जाणार असाल, तर मुलांना बोगमाळोला जरूर न्या. तेथे एखादा निवृत्त नौसैनिक भेटला, तर विमानापेक्षा आधी त्यालाच प्रश्न विचारायला सांगा.